वॉर्साच्या भिंती
(१९८० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

व्यासपीठावर बसलेल्या माझ्या सर आणि बाई, आणि समोर बसलेल्या, केस पांढरे झाले तरी बाकासकट ओळखू येणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी पत्रिकेत मला 'युरोपातील प्रवासाचे अनुभव' असा विषय दिलाय आणि वीस मिनिटं दिली आहेत. पण मघाशी चहाच्या वेळी तिघांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "शाळा पाडायच्या कागदावर तुझी सही हाय म्हणं?"

आहे. खोटं कशाला बोलू? संस्थेनं जुन्या इमारतीची तपासणी करून घेतली, त्या अहवालावर मत द्यायला माजी विद्यार्थी आणि बांधकाम खात्यातला निवृत्त माणूस म्हणून मला बोलावलं, आणि मी सही केली. का केली ते सांगणार आहे. पण आधी वॉर्साला जाऊन येऊ. मला त्या सहीबद्दल बोलायचं तर वाट वॉर्सावरूनच जाते, त्याला इलाज नाही.

थोरली मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त पोलंडच्या राजधानीत राहतात. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही दोघं सहा आठवडे त्यांच्याकडे होतो. निघताना इथल्या लोकांनी विचारलं, "पॅरिस नाही, लंडन नाही, वॉर्सात काय बघणार?" मलाही तसंच वाटत होतं. आपण वॉर्सा म्हणतो, तिथले लोक वर्शावा म्हणतात. विस्तुला नदीच्या काठचं शहर. नदीच्या डाव्या काठाच्या उंचवट्यावर जुनं गाव आहे, त्याला स्तारे म्यास्तो म्हणतात, म्हणजे शब्दशः जुनं गावच.

पहिल्याच रविवारी लेक आम्हाला तिकडे घेऊन गेली. मधोमध बाजारचौक. मी सवयीनं पावलं मोजली, नंतर पुस्तकात बघितलं, ९० मीटर बाय ७३ मीटर. चारी बाजूंनी एकाला एक चिकटून उभी असलेली अरुंद, उंच घरं. कुणी पिवळं, कुणी विटकरी, कुणी हिरवट. वर उतरती लाल कौलं. दारांवर कोरीव दगडी चौकटी, भिंतींवर चित्रं. चौकात मध्ये ढाल-तलवार घेतलेली मत्स्यकन्या, ती त्या शहराची निशाणी. आमची मंडळी म्हणाली, "किती जुनं असंल हो हे?" मी अनुभवी माणसाच्या थाटात म्हणालो, "चारशे वर्षं धर."

लेक हसली. म्हणाली, "बाबा, हे सगळं १९५३ सालचं आहे."

३५ वर्षं भिंती बघण्यात गेलेला मी माणूस. मला राग आला, तिचा नाही, स्वतःचा. मग जवळ जाऊन नीट बघितलं. आणि मग एकेक गोष्ट दिसायला लागली. मजल्यांच्या रेषा जरा जास्तच सरळ होत्या. चारशे वर्षं उभं राहिलेलं घर कुठंतरी बसतं, कलतं, त्याच्या भिंतीला पोट येतं. इथं कुठल्याच घराला पोट नव्हतं. पण दाराच्या चौकटीत मध्येच एखादा दगड झिजलेला, काळपट, कडा तुटलेला. तो मात्र खरा जुना. ढिगाऱ्यातून वेचून काढलेला आणि नव्या भिंतीत परत जागेवर बसवलेला.

तुम्हाला इतिहास थोडक्यात सांगतो, कारण आपल्या नागरिकशास्त्राच्या बाईंना तारखा चुकलेल्या चालत नाहीत. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. वॉर्सा पाच वर्षं त्यांच्या ताब्यात होतं. १ ऑगस्ट १९४४ ला शहरातल्या भूमिगत सैन्यानं उठाव केला. त्यांना वाटलं होतं, आठवडाभर तग धरू, तोवर नदीपलीकडून रशियन फौजा येतील. लढाई ६३ दिवस चालली. दीड ते दोन लाख सामान्य माणसं मेली. २ ऑक्टोबरला शरणागती झाली, उरलेल्या लोकांना शहराबाहेर हाकललं, आणि मग रिकाम्या शहरात जर्मनांनी जे केलं ते मला लढाईपेक्षाही भयंकर वाटतं. आग लावणारी आणि सुरुंग लावणारी पथकं गल्लीगल्लीतून फिरली. घरं, वाचनालयं, देवळं, राजवाडा. लढाई संपलेली असताना, समोर शत्रू नसताना, हिशोबानं. १७ जानेवारी १९४५ ला रशियन आणि पोलिश सैन्य आत आलं तेव्हा शहराचा सुमारे ८५ टक्के भाग पडलेला होता. जुन्या गावाचे फोटो तिथल्या संग्रहालयात लावलेत. दगडविटांचा समुद्र आणि त्यात उभी एखादी धुराडी.

त्यावेळी राजधानी दुसऱ्या शहरात हलवावी असाही विचार झाला होता. पण लोक परत यायला लागले होते. बर्फात, तळघरांत, पडक्या खोल्यांत येऊन राहायला लागले होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये, म्हणजे महायुद्ध संपलेलंही नव्हतं, तेव्हा राजधानीच्या पुनर्बांधणीचं कार्यालय सुरू झालं.

आता मला ज्याचं खरं अप्रूप ते सांगतो. पडलेलं घर पुन्हा जसंच्या तसं बांधायचं म्हणजे काय लागतं? पैसा लागतो, माणसं लागतात, वीट-चुना लागतो. पण त्याच्या आधी लागतं माप. खिडकी जमिनीपासून किती उंच होती? चौकट किती रुंद होती? कौलाचा उतार किती? ज्यांनी ते घर रोज पाहिलंय त्यांनाही हे सांगता येत नाही. तुम्ही दहा वर्षं या शाळेच्या पायऱ्या चढलात. मला आत्ता सांगा, मुख्य दाराला पायऱ्या किती? (इथे सभागृहातून पाच, सात आणि नऊ अशी तीन उत्तरे आली. - संपादक) बघा.

वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात वास्तुकला विभाग होता. त्यातल्या पोलिश वास्तुकलेच्या शाखेनं युद्धाच्या आधी वर्षानुवर्षं एक काम केलं होतं. विद्यार्थ्यांना टेप आणि कागद देऊन जुन्या इमारतींकडे पाठवायचं, आणि मापं घेऊन नकाशे काढून घ्यायचे. देशभरच्या देवळांचे, वाड्यांचे, घरांचे. ही शाखा उभी करणारे प्राध्यापक ऑस्कार सॉस्नोव्स्की १९३९ च्या सप्टेंबरमध्ये शहराला वेढा पडला असताना जखमी होऊन वारले. पुढची पाच वर्षं त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम लपूनछपून चालू ठेवलं. उठाव मोडल्यावर, शहर जळत असताना, नकाशांचे गठ्ठे वॉर्साबाहेर काढले आणि पिओत्रकुफ नावाच्या गावी एका मठात लपवले. शहर गेलं, शहराची मापं राहिली. नंतर पुनर्बांधणीत जुन्या वास्तूंचं काम ज्यांच्याकडे आलं ते यान झाख्वातोविच याच विभागातले प्राध्यापक.

मापांच्या जोडीला चित्रं होती. अठराव्या शतकात पोलंडचा शेवटचा राजा स्तानिस्वाव आउगुस्त पोन्यातोव्स्की यानं बेर्नार्दो बेलोत्तो नावाचा इटालियन चित्रकार दरबारी ठेवला होता. तिथं त्याला कानालेत्तो म्हणतात, खरं तर ते त्याच्या मामाचं टोपणनाव. त्यानं वॉर्साच्या रस्त्यांची इतक्या बारकाईनं चित्रं काढली की खिडकीच्या वरची नक्षी मोजता येते. त्यातली २२ चित्रं आज राजवाड्यात एका दालनात आहेत. युद्धात जर्मनांनी ती पळवली होती, नंतर परत मिळाली. त्या चित्रांवरून कितीतरी इमारतींचे दर्शनी भाग ठरवले गेले. मी त्या दालनात दीड तास होतो. मंडळी दोनदा बाहेर जाऊन आल्या. गंमत म्हणजे बेलोत्तोनं काही ठिकाणी चित्र देखणं दिसावं म्हणून थोडा फेरफार केला होता, आणि चित्रावरून बांधताना त्यातलं काही भिंतीत उतरलं. म्हणजे चित्रकाराच्या मनातलं घर दोनशे वर्षांनी खरं झालं. आपल्या चित्रकलेच्या सरांना हे ऐकून बरं वाटेल. सर, तुम्ही मला नेहमी म्हणायचात, "आहे तसं काढ, पाहिजे तसं नको." बेलोत्तोला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

हे सगळं गोड-गोड आहे असं नाही, तेही सांगायला हवं. बाजारचौकातली घरं समोरून जुनी, आतून नवी. आत मोरी, न्हाणी, सुटसुटीत खोल्या. सरकारनं ते कामगारांना राहायला दिलं. मागच्या बाजूच्या दाटीवाटीच्या खोल्या परत बांधल्याच नाहीत, तिथं मोकळी अंगणं केली. सेंट जॉनच्या कॅथीड्रलचा दर्शनी भाग युद्धापूर्वी वेगळाच होता. तो परत न करता, जुन्या काळी तो असा असेल असं समजून नवा केला. एकोणिसाव्या शतकातल्या, दुरुस्त होण्याजोग्या कितीतरी इमारती मात्र इतरत्र पाडून टाकल्या, कारण नव्या राज्यकर्त्यांना त्या आवडत नव्हत्या. विटा कमी पडल्या तेव्हा दुसऱ्या गावांतून आणल्या. जुन्या तटाचा बुरूज, त्याला बार्बिकन म्हणतात, तो बांधायला निसा आणि व्रोत्स्वाफ या शहरांतल्या पडक्या जुन्या इमारतींच्या विटा आल्या. त्या गावांनाही स्वतःचं जुनेपण होतंच की. शहराच्या हद्दीतली सगळी जमीन १९४५ च्या एका हुकुमानं सरकारजमा झाली, तिचे दावे अजून मिटलेले नाहीत.

आणि जाणकारांचा एक मोठा आक्षेप होता की अशी नक्कल करणं हीच मुळात फसवणूक. पडलेलं ते पडलेलं, त्याचे अवशेष जपा, खोटं जुनं उभं करू नका. मी नोकरीत असतो तर त्यांच्याच बाजूनं बोललो असतो. पण युनेस्कोनं १९८० साली जुनं गाव जागतिक वारशात घेतलं ते जुनं आहे म्हणून नाही, असं पुन्हा उभं केलं म्हणून. त्या पुनर्बांधणी कार्यालयाचे कागद, नकाशे, फोटो, तेही २०११ साली युनेस्कोच्या स्मृतिठेव्यात गेले. कागदांना हा मान मिळाला हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या खात्यात कागद म्हणजे वाळवीचा खाऊ.

राजवाडा मात्र बरीच वर्षं पडूनच होता. १९७१ मध्ये बांधायचा निर्णय झाला आणि देशातल्या, परदेशातल्या पोलिश लोकांच्या वर्गणीतून तो उभा राहिला. १९८४ ला लोकांसाठी उघडला. त्याच्या मनोऱ्यावर घड्याळ आहे. १७ सप्टेंबर १९३९ ला राजवाड्यावर बॉम्ब पडले तेव्हा ते सव्वाअकराला बंद पडलं होतं. १९७४ साली मनोरा पूर्ण झाल्यावर ते सव्वाअकरालाच परत चालू केलं. रोज सव्वाअकराला मनोऱ्यावरून तुतारी वाजते. वाड्यासमोर उंच खांबावर झिग्मुंट राजाचा पुतळा आहे, खांब मूळचा १६४४ चा. तोही १९४४ ला पाडला होता, १९४९ ला परत उभा राहिला. पण आधीचे मोडलेले खांब टाकून दिलेले नाहीत. वाड्याच्या कडेला गवतावर आडवे ठेवलेत. पोरं त्यांच्यावर बसून आइस्क्रीम खातात. मला हे फार आवडलं. नवा खांब उभा आहे, आणि तो नवा आहे हे लपवायची कुणाला गरज वाटत नाही.

आता जरा जेवणाकडे येतो, कारण आमच्या मंडळी दोन-तीन महिने आधीपासून त्या चिंतेत होत्या. चटणीचा डबा नेलाच होता. वॉर्सात 'बार म्लेच्नी' नावाची स्वस्त खाणावळ असते, शब्दशः दूधवाली खाणावळ. नाव बार असलं तरी तिथं दारू नाही. दूध, दही, अंडी, मैदा, बटाटा यांचे पदार्थ. कम्युनिस्ट राजवटीत कामगारांसाठी या खाणावळी वाढल्या, अजूनही सरकार त्यांना थोडी मदत देतं. भिंतीवर यादी, गल्ल्यावर पैसे द्यायचे, खिडकीतून ताट घ्यायचं, जेवल्यावर ताट दुसऱ्या खिडकीत नेऊन द्यायचं. बटाटा आणि पनीरसारखं चीज भरलेले पिएरोगी आले तेव्हा मंडळी म्हणाल्या, "आहो, ही तर उकडलेली करंजी. नुसती तिखट न्हाई." बीटचं आंबट सार मिळतं, ते आपल्या जिभेला चालतं. शाकाहारी लोकांची तिथं उपासमार होत नाही, हे लिहून घ्या.

तिथंच गल्ल्यामागच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पिशव्या होत्या. त्यावर मोठ्या रोमन अक्षरांत एक शब्द. मी तो हळूहळू वाचला. म्लेको.

माझी आज्जी वळिवड्याजवळची. लहानपणी रोज रात्री पितळी पेल्यात दूध द्यायची आणि म्हणायची, "पी रं, मलेको पी." आम्हाला वाटायचं, म्हातारीचा काहीतरी लाडाचा शब्द असेल. वासरालाही ती मलेको म्हणायची. तिला विचारलं तर म्हणायची, "कॅम्पात असंच म्हणत्यात." कॅम्प म्हणजे आजचं गांधीनगर. फाळणीनंतर तिथं सिंधी बांधव येऊन राहिले, पण त्याच्या आधी, १९४३ ते १९४८, तिथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं होती. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. १९४० साली रशियानं त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सैबेरियाला नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती पंचगंगेच्या काठी आली. त्यांच्या स्वतःच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. महावीर उद्यानातला त्यांच्या आठवणीचा स्तंभ आपण किती वेळा पाहिलाय, त्याच्या शेजारी भेळ खाल्लीय. आज्जी त्या कॅम्पात दूध घालायची. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, आणि तिला एक पोलिश शब्द येत होता. तो शब्द माझ्या आयुष्यात ५०-५५ वर्षं होता, आणि त्याचा अर्थ मला वॉर्साच्या एका खाणावळीत कळला. डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करायला लाज वाटत नाही. गल्ल्यावरच्या बाईला वाटलं, मला सुटे पैसे सापडत नाहीयेत.

मग लेकीनं आम्हाला आंदेर्स रस्त्यावर नेलं. मॉन्टे कॅसिनोच्या लढाईचं स्मारक आहे, त्याच्याजवळ वळिवडे-कोल्हापूर कॅम्पच्या आठवणीची शिळा आहे. परक्या मुलखात दगडावर आपल्या गावाचं नाव. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथं फुलं वाहायला गेले तेव्हा तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आम्ही गेलो तेव्हा तिथं आम्ही तिघं आणि एक कुत्रं फिरवणारे आजोबा, एवढेच. गुजरातेत जामनगरच्या जामसाहेबांनी पोलिश मुलांना आसरा दिला होता, त्यांच्या नावाचा चौकही शहरात आहे, 'भल्या महाराजांचा चौक'. एका शाळेनं त्यांना आपलं दैवत मानलंय, त्यांचं नाव धारण केलंय. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. वळिवड्यातले बहुतेक लोक वॉर्साचे नव्हतेच. त्यांची गावं युद्धानंतर रशियाच्या हद्दीत गेली, म्हणून पुष्कळजण पोलंडला न परतता इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे गेले. त्यांची घरं त्यांच्यासाठी कुणी परत बांधली नाहीत. राजधानीत एक दगड आहे, तेवढंच.

तिथून चार पावलांवर मुरानुफ नावाची वस्ती लागते. साधी, तीन-चार मजली घरं, झाडं, लहान मुलांच्या घसरगुंड्या. एक विचित्र गोष्ट मला आधी खटकली. घरांकडे जायला मध्येच पायऱ्या चढाव्या लागतात, जणू टेकाडांवर बांधलीत. ती टेकाडं म्हणजे ढिगारे आहेत. युद्धाआधी वॉर्सात साडेतीन लाखांच्या वर ज्यू लोक होते, शहराची जवळजवळ तिसरी माणसामागची एक व्यक्ती. १९४० च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनांनी त्यांना भिंत घालून कोंडलं. १९४२ च्या उन्हाळ्यात लाखो लोकांना ट्रेब्लिंकाच्या छावणीत नेऊन मारलं. १९ एप्रिल १९४३ ला उरलेल्यांनी हत्यार उचललं, तेव्हा सगळी वस्ती जाळून सपाट केली. युद्धानंतर ढिगारा इतका होता की उचलता येईना. मग त्याच्यावरच घरं बांधली, आणि त्यातलाच चुरा दळून काँक्रीटचे ठोकळे केले. अभियंता म्हणून त्या ठोकळ्यांचं मला कौतुक वाटायला हवं होतं. हात लावायचा धीर झाला नाही. फुटपाथवर जिथून ती भिंत जायची तिथं लोखंडी पट्ट्या बसवल्यात. लोक त्या ओलांडून भाजी आणायला जातात. शेजारीच पोलिन नावाचं संग्रहालय आहे, पोलंडमधल्या ज्यूंच्या हजार वर्षांच्या इतिहासाचं. तुम्ही गेलात तर अर्धा दिवस ठेवा.

जुन्या गावाचा एकेक कोनाडा परत बांधणाऱ्या शहरानं ही वस्ती होती तशी बांधली नाही. परत येऊन तिथं राहायला माणसंच नव्हती.

१ ऑगस्टला आम्ही मुद्दाम शहराच्या मध्यभागी होतो. संध्याकाळी पाच वाजता, उठावाच्या क्षणी, दरवर्षी भोंगे वाजतात. ट्राम थांबली. मोटारी थांबल्या, माणसं दारं उघडून बाहेर उभी राहिली. सायकलवरची मुलगी एक पाय जमिनीवर टेकून उभी. एक मिनिट. मग भोंगा बंद झाला आणि जो तो आपल्या कामाला लागला. कुणी भाषण केलं नाही.

बाकी बघायला पुष्कळ आहे, संयोजक घड्याळ दाखवतायत म्हणून भराभर सांगतो. शोपँ या संगीतकारानं विसाव्या वर्षी वॉर्सा सोडलं, तो परत आलाच नाही, १८४९ ला पॅरिसमध्ये वारला. त्याच्या बहिणीनं त्याचं हृदय मायदेशी आणलं, ते होली क्रॉस चर्चच्या खांबात आहे. वाझ्येन्की बागेत उन्हाळ्यात दर रविवारी दुपारी बारा आणि चार वाजता त्याच्या पुतळ्याजवळ पियानोवर त्याचं संगीत वाजतं, फुकट. गवतावर बसून ऐकायचं. मला शोपँमधलं काही कळत नाही, पण झोपही आली नाही. स्टालिननं भेट दिलेला २३७ मीटर उंचीचा संस्कृती महाल आहे. तिसाव्या मजल्यावरून शहर छान दिसतं, कारण, तिथलेच लोक म्हणतात, तिथून तो महाल दिसत नाही. ट्रामचं तिकीट घेतलंत तर आतल्या यंत्रात छाप मारायला विसरू नका.

आता आपली शाळा.

२०१९ च्या महापुरात पाणी तळमजल्याच्या खिडक्यांपर्यंत आलं, २०२१ ला परत आलं. नदीकडच्या भिंतीला पोट आलंय, बोटभर नाही, वीतभर. कैच्यांची टोकं वाळवीनं खाल्लीत. वरून रंग दिलाय म्हणून दिसत नाही, मी कुदळीनं टोचून पाहिलं, लाकूड पिठासारखं आलं. त्या कौलांखाली पाचवी आणि सहावीची मुलं बसतात. डागडुजी होईल का, हे मी तीनदा तपासलं. एक भिंत वाचेल, तीन नाही, आणि तेवढा पैसा संस्थेकडे नाही. म्हणून सही केली. पाडकाम मे महिन्याच्या सुट्टीत आहे. ज्यांना माझा राग आलाय त्यांचा राग बरोबर आहे. मलाही आला होता. सही केल्यावर मी घरी न जाता रंकाळ्यावर दोन तास बसलो होतो.

पण सर, तुम्हाला आठवतंय का? नववीत तुम्ही आम्हाला घरून सुतळी आणायला सांगितली होतीत. टेप एकच होता. सुतळीला गाठी मारून आम्ही या इमारतीची मापं घेतली, आणि प्रत्येकानं एकेक भाग काढला. माझ्याकडे घंटेचा मंडप होता. ज्याला वर चढायची हौस होती त्याच्याकडे कौलं. मुलींनी जिना आणि व्हरांडा काढला, आणि तो आमच्यापेक्षा चांगला काढला. तुम्ही ते सगळे कागद सुतळीनंच बांधून कपाटावर ठेवले होते. मी गेल्या महिन्यात शाळेत जाऊन ते कपाट, त्याच्यामागची खोली, प्रयोगशाळेचा माळा सगळं पालथं घातलं. गठ्ठा नाही. पुरात गेला असेल. पण कुणी आपापला कागद घरी नेला असेल तर ट्रंकेत, जुन्या वह्यांत बघा. जिना कुणाकडे असेल तर फार बरं. मूळ जिना आता नाही, ८८ साली बदलला, आणि तो कसा होता ते सांगणारं दुसरं काही नाही.

नवी इमारत जुन्यासारखी होणार नाही. ती तीन मजली, काँक्रीटची, उंच जोत्यावरची होईल, तशीच व्हायला हवी. संस्थेशी बोलून दोन गोष्टी ठरवून घेतल्यात. घंटेच्या मंडपाचे चार दगडी खांब आणि मुख्य दाराची चौकट क्रमांक घालून उतरवायची, फोडायची नाही, आणि नव्या आवारात ठेवायची. आणि पाडण्याआधी सगळ्या इमारतीची मापं घ्यायची. दुसऱ्या गोष्टीला संस्था म्हणाली, "माणसं आणा, आमची ना नाही."

येत्या तीन शनिवारी सकाळी आठ वाजता मी फाटकाशी असेन. टेप, ओळंबा आणि पाणसळ माझी. कागद-पेन्सिल आपापली आणा. शिडीवर चढायला नातवंडं आणलीत तर उत्तम, आपल्यातल्या कुणी चढू नये. सर, तुमच्यासाठी व्हरांड्यात खुर्ची ठेवतो. आणि पायऱ्या सात आहेत.